फाईलची साईज कमी करताना अक्षर जपायचं कसं

सोलापूरजवळच्या कुंभारीच्या गोदूताई वसाहतीतून एक मावशी मुलीला घेऊन माझ्या ऑनलाईन फॉर्म भरायच्या दुकानात आल्या होत्या. बिडी कामगारांच्या मुलांना मिळणाऱ्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायचा होता आणि शेवटचे दोन दिवस उरले होते. "अक्का, साईज मोठी हाय म्हनतंय ओ. सकाळपासनं तीनदा टाकलं." बिडी कार्डाचा मोबाईलवर काढलेला फोटो पावणेपाच एमबीचा होता आणि फॉर्मला काहीशे केबीच चालत होते. मी घाईत तो एका वेबसाईटवर टाकला आणि सगळ्यात जास्त कॉम्प्रेस करणारं, म्हणजे फाईल दाबून लहान करणारं बटण निवडलं. ५८ केबी झाली, अपलोड झाली, दोघी घरी गेल्या. काही दिवसांनी अर्ज परत आला, कारण कार्ड वाचता येत नव्हतं. मी फाईल उघडून पाहिली तर कार्डाच्या नंबरातला ३ आणि ८ सारखाच दिसत होता. अर्ज दुरुस्त झाला, पण त्यासाठी मावशींच्या एका दिवसाच्या बिड्या बुडाल्या, आणि त्या माझ्यामुळे बुडाल्या.

तेव्हापासून फाईल लहान करायची माझी पद्धत बदलली. फाईल किती मोठी होणार हे बहुतेक वेळा स्कॅन करताना किंवा फोटो काढतानाच ठरतं. तिथे चुकलं की मागून कितीही कॉम्प्रेस करा, साईज कमी होते आणि अक्षरही जातं. म्हणून या लेखात कॉम्प्रेसचं बटण बऱ्याच उशिरा येईल.

वजन येतं कुठून

सोलापुरात हे समजावणं सोपं आहे, कारण इथे घरोघरी माग पाहिलेली माणसं आहेत. चादरीचं वजन एका इंचात किती धागे बसवले यावर ठरतं. स्कॅन केलेल्या कागदाचंही तसंच आहे. एका इंचात किती ठिपके घेतले ते म्हणजे डीपीआय. फरक एवढाच की ठिपके उभे आणि आडवे दोन्हीकडे वाढतात, म्हणून डीपीआय दुप्पट केला की फाईलमधला माल चौपट होतो.

ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो. तो ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर २४८० बाय ३५०८, म्हणजे जवळपास ८७ लाख ठिपके होतात. रंगीत स्कॅनमध्ये प्रत्येक ठिपक्याला तीन बाइट लागतात, म्हणजे दाबण्याआधी एकच पान सुमारे २५ एमबी. तेच पान १५० डीपीआयवर घेतलं तर १२४० बाय १७५४ ठिपके, बरोबर चौथा हिस्सा. रंगाऐवजी ग्रे, म्हणजे नुसत्या राखाडी छटा घेतल्या तर एका ठिपक्याला एकच बाइट, म्हणजे आणखी तिसरा हिस्सा.

आणि शुद्ध काळं-पांढरं घेतलं तर? मागावर नक्षी ठरवणारं जकार्डचं पंच केलेलं कार्ड आठवा. एका जागी भोक आहे किंवा नाही, तिसरं काही नाही. काळ्या-पांढऱ्या स्कॅनचा ठिपकाही तसाच, आहे किंवा नाही. म्हणून ३०० डीपीआयचं तेच ए-४ पान काळं-पांढरं घेतलं तर दाबण्याआधीच एक एमबीच्या आसपास बसतं. टाईप केलेलं पत्र असेल तर पीडीएफमध्ये दाबल्यावर ते शंभर केबीच्याही खाली जातं, आणि अक्षर धारदार राहतं.

मोबाईलचा घोळ इथेच आहे. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४००० बाय ३००० ठिपक्यांचा फोटो काढतो, समोर भिंतीएवढं पोस्टर असो की खिशातलं ओळखपत्र. एटीएम कार्डाच्या आकाराचं ओळखपत्र २०० डीपीआयवर नीट वाचायला साधारण ६७५ बाय ४२५ ठिपके पुरतात. मोबाईलने त्याच्या चाळीसपट घेतलेले असतात, आणि त्यातला बराचसा भाग टेबलाचा असतो.

आधी फाईल ओळखा

पहिलं काम म्हणजे मूळ फाईलची कॉपी करा आणि मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून द्या. पुढचं सगळं कॉपीवर करायचं. जेपीजी हा फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार. ही फाईल दर वेळी सेव्ह करताना थोडा तपशील टाकून देते. तो परत येत नाही. दाबलेलीच फाईल पुन्हा दाबली की तिसऱ्या-चौथ्या खेपेला अक्षरांभोवती राखाडी धूळ दिसायला लागते. साईज बसली नाही तर मुळापासून पुन्हा करा, दाबलेल्या फाईलवर करू नका.

मग पीडीएफ उघडून एखाद्या ओळीवर माउस ओढा. अक्षरं निळी होऊन निवडली गेली तर ती कॉम्प्युटरवरच तयार झालेली पीडीएफ आहे. तिच्यात अक्षरं आणि फॉन्ट असतात, त्यामुळे ती मुळातच हलकी असते. पूर्ण पान एकाच चित्रासारखं निवडलं गेलं किंवा काहीच निवडलं गेलं नाही, तर तो स्कॅन आहे आणि त्यात नुसती चित्रं आहेत.

हे ओळखलं नाही की लोक एक चूक हमखास करतात. ऑनलाईन मिळालेला उत्पन्नाचा दाखला आधी प्रिंट करतात, मग ती प्रिंट स्कॅन करून अपलोड करतात. हलकी, स्वच्छ फाईल हातात असताना तिचं जड, धूसर चित्र करून टाकतात. सेतू केंद्रातून किंवा डिजिलॉकरमधून आलेली पीडीएफ असेल तर ती तशीच चढवून बघा.

डिजिटल सही असलेल्या कागदाला मात्र हात लावायचा नाही. डिजिटल सहीचा सातबारा, डिजिलॉकरमधली गुणपत्रिका, बरेचसे ऑनलाईन दाखले यांत सही म्हणजे नुसता शिक्का नसतो, ती फाईलमधल्या प्रत्येक बाइटशी बांधलेली असते. फाईल कॉम्प्रेस केली, पान काढलं, दुसऱ्या फाईलला जोडलं किंवा प्रिंट टू पीडीएफ केलं की सहीची पडताळणी होत नाही. पानावर सहीची खूण दिसत राहते, म्हणून लोकांना कळत नाही. मर्यादेत बसतच नसेल आणि साधी प्रत चालत असेल, तर लहान केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, मूळ फाईल तशीच जपा, आणि पडताळणी क्रमांक किंवा क्यूआर कोड असेल तर तो लहान प्रतीतही वाचता येतो का ते मोबाईलने तपासा.

ई-आधारची अडचण वेगळी आहे. त्या पीडीएफला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये आणि त्यापुढे जन्मवर्ष. पासवर्डवाली फाईल बरेच फॉर्म घेत नाहीत आणि 'फाईल चुकीची आहे' एवढंच सांगतात. माणूस साईजच्या मागे लागतो, आणि दोष साईजचा नसतोच. क्रोममध्ये पासवर्ड टाकून फाईल उघडा, प्रिंटमध्ये जाऊन 'सेव्ह अ‍ॅज पीडीएफ' निवडा, हवं तेवढंच पान घ्या.

स्कॅन नीट केला की अर्धं काम झालं

स्कॅनर असेल तर कागद पाहून सेटिंग ठरवा. टाईप केलेलं पत्र, बोनाफाईड, साधं प्रतिज्ञापत्र असेल तर ग्रे, १५० डीपीआय. जुना, पिवळा पडलेला, शाईने लिहिलेला शाळा सोडल्याचा दाखला ग्रेमध्येच पण २०० डीपीआयवर. काळं-पांढरं इथे धोक्याचं आहे, फिकी शाई आणि गोल शिक्का दोन्ही उडून जातात. जात पडताळणीसाठी आजोबांचा जुना दाखला शोधून आणलेला असतो, तो एकच कागद घराण्याचा पुरावा असतो. तिथे दहा-वीस केबीसाठी कंजूषपणा करू नका. रंगीत फक्त तिथे, जिथे रंगाला अर्थ आहे: फोटो चिकटवलेला दाखला, निळ्या शाईची सही, लाल शिक्का मागितला असेल तेव्हा. स्कॅनरच्या प्रिव्ह्यूमध्ये चौकट कागदाच्या कडेपर्यंत ओढून घ्या. पासबुकाचं पहिलं पान ए-४ च्या काचेवर ठेवून पूर्ण काच स्कॅन केली की तुम्ही बहुतेक झाकणाचाच फोटो साठवता.

मोबाईलवर काढायचं असेल तर कॅमेऱ्याच्या ऐवजी स्कॅनचं अ‍ॅप वापरा. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्ये स्कॅनचा पर्याय आहे, आयफोनवर नोट्समध्ये आहे, अडोबी स्कॅनही चांगलं आहे. हे अ‍ॅप कागदाच्या कडा ओळखून बाकीचं कापून टाकतं आणि तिरका कागद सरळ करतं. खिडकीजवळ, दिवसा, फ्लॅश बंद करून. लॅमिनेशन केलेलं कार्ड फ्लॅशमध्ये चमकतं आणि नेमका नंबरावर पांढरा डाग पडतो. आपल्याकडचं ऊन तर असं की थेट उन्हात कागदावर हाताची गडद सावली येते, म्हणून दारातल्या सावलीत बसा.

सावली आणि सुरकुत्या टाळायला मी एवढं का सांगते? कारण त्यांनी अक्षर तर बिघडतंच, साईजही वाढते. जेपीजी चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात किती चढउतार आहे ते लिहून ठेवतं. कोरा पांढरा चौकोन जवळजवळ फुकट पडतो. चुरगळलेला कागद, खाली अंथरलेल्या चादरीची वीण, अंधारात काढलेल्या फोटोतली कणकण, या सगळ्यांचा चढउतार लिहायला जागा लागते. सोलापुरी चादरीवर कार्ड ठेवून फोटो काढला तर फाईलमधला मोठा वाटा त्या चादरीच्या मोरा-फुलांचा असतो. कार्ड साध्या पांढऱ्या कागदावर ठेवा. स्कॅन अ‍ॅपमधला कागद पांढरा करणारा फिल्टर लावा. अक्षर उठून दिसतं आणि त्याच वेळी फाईल हलकी होते. दोन्ही एकदम देणारा हा एकच उपाय मला माहीत आहे.

कागद दुकानात पाठवायचा असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप स्वतःच त्याचे ठिपके कमी करतं आणि दाबतं. मग आम्ही पुन्हा दाबतो.

फोटो आणि सही

बँकेच्या परीक्षांचे फॉर्म भरायला पोरं येतात तेव्हा सर्वात जास्त वेळ इथे जातो. आयबीपीएसच्या सूचनांमध्ये फोटोसाठी २०० बाय २३० पिक्सेल (म्हणजे तेच ठिपके) आणि २० ते ५० केबी, सहीसाठी १४० बाय ६० पिक्सेल आणि १० ते २० केबी असं लिहिलेलं असतं. म्हणजे मर्यादा दोन्ही बाजूंनी आहे. फार लहान झालेली फाईलही परत येते. प्रत्येक फॉर्मचे आकडे वेगळे असतात, म्हणून आधी सूचना उघडून ते एका चिठ्ठीवर लिहून घ्या, मगच कामाला बसा.

क्रम असा ठेवा: कापणं, मग पिक्सेल, मग गुणवत्ता. विंडोजच्या पेंटमध्ये फोटो उघडा आणि चेहरा व खांदे येतील असा उभा भाग क्रॉप करा. मग रिसाइझमध्ये जाऊन टक्क्यांऐवजी पिक्सेल निवडा आणि रुंदी २०० लिहा. उंची आपोआप २३० च्या जवळ आली तर क्रॉप बरोबर आहे. २६० किंवा १९० आली तर मागे जाऊन पुन्हा कापा. प्रमाण राखण्याची खूण काढून दोन्ही आकडे जबरदस्तीने घालू नका, चेहरा दाबला जातो किंवा ताणला जातो. जेपीजी म्हणून सेव्ह करा.

पेंटमध्ये गुणवत्ता कमी-जास्त करायची सोय नाही. त्यासाठी स्क्वूश ही वेबसाईट वापरा. ती ब्राउझरमध्येच काम करते, फोटो सर्व्हरवर जात नाही. गुणवत्तेची पट्टी सरकवली की खाली केबी लगेच बदलताना दिसतात आणि मूळ व नवा फोटो शेजारी-शेजारी दिसतात. फोटो २० केबीच्या खाली गेला असेल तर पट्टी वर न्या. डीपीआयचा आकडा बदलून काही होत नाही. पिक्सेल ठरले की डीपीआय म्हणजे छापताना ते किती इंचात पसरायचे एवढीच सूचना उरते, केबी हलत नाहीत.

सहीसाठी कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या पेनने, जरा मोठी सही करा. रेघांच्या वहीत नको. आयफोनवाल्यांचा फोटो फॉर्म घेत नाही, कारण २०१७ पासून आयफोन एचईआयसी या प्रकारात फोटो साठवतो. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा, म्हणजे पुढचे फोटो जेपीजीमध्ये येतील.

स्कॅनची पीडीएफ लहान करताना

आता कॉम्प्रेस. आधी पानं मोजा. मागची कोरी बाजू, चुकून दोनदा आलेलं पान, कोणी न मागितलेली मुखपृष्ठं काढून टाका. मग प्रत्येक पानाला किती केबी मिळतात ते काढा. २५६ केबीच्या मर्यादेत दोन पानं असतील तर पानामागे सव्वाशे केबीच्या आत राहावं लागेल. १५० डीपीआयचा ग्रे, पांढऱ्या पार्श्वभूमीचा ए-४ तेवढ्यात सहसा बसतो. रंगीत बसत नाही, म्हणून रंग सोडायचा की मर्यादा मोठी असलेली जागा शोधायची हे आत्ताच ठरतं. चित्रं आधी लहान करा, मग त्यांची पीडीएफ बनवा, जोडायचं काम सर्वांत शेवटी. उलट केलं की एका जड पानासाठी सगळी पानं दाबली जातात.

विंडोजवर पीडीएफ२४ क्रिएटर मी रोज वापरते. फुकट आहे आणि इंटरनेटशिवाय चालतं. त्याच्या कॉम्प्रेसमध्ये तीन गोष्टी स्वतः ठरवता येतात: डीपीआय, चित्राची गुणवत्ता आणि रंग की ग्रे. डीपीआय १५०, गुणवत्ता ७० च्या आसपास, ग्रे, इथून सुरुवात करा. बसलं नाही तर आधी गुणवत्ता थोडी उतरवा, मग डीपीआय १२० पर्यंत. १०० च्या खाली मी जात नाही. देवनागरीत अनुस्वार, रफार, र्‍हस्व-दीर्घ यांत खूप बारीक तपशील असतो, इंग्रजीपेक्षा लवकर बिघडतो. 'शिंदे' चं 'शिदे' झालं तर नाव जुळत नाही. मॅकवर प्रिव्ह्यूमधून एक्स्पोर्ट करताना 'रिड्यूस फाईल साईज' असा क्वार्ट्झ फिल्टर आहे, पण तो स्कॅनवर फारच कठोर पडतो. कमांड लिहायची सवय असलेल्यांनी घोस्टस्क्रिप्ट घ्यावं, त्यातलं 'ईबुक' सेटिंग चित्रं १५० डीपीआयवर आणतं, 'स्क्रीन' ७२ वर, आणि ७२ वर मार्कलिस्टमधले आकडे टिकत नाहीत.

ऑनलाईन साईटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. प्रोजेक्ट रिपोर्ट, जाहिरातपत्रक, निमंत्रण टाका, हरकत नाही. आधार, पॅन, पासबुक, जातीचा दाखला टाकू नका. फाईल दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाते, आणि आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच माणसांना ती कुठे गेली हे विचारण्याचंही माहीत नसतं. आधारची प्रत कुठे नुसती ओळखीपुरती लागत असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार डाउनलोड करा. दुकानात काम झालं की डाउनलोड फोल्डर आणि रिसायकल बिन दोन्ही रिकामे करून घ्या, ताईला-दादाला तोंडावर सांगून.

प्रोजेक्ट रिपोर्ट आणि वर्डच्या फायली

विद्यापीठाच्या परीक्षा जवळ आल्या की इंजिनिअरिंगची मुलं ऐंशी-नव्वद एमबीचे रिपोर्ट घेऊन येतात. अक्षरांचं त्यात काहीच वजन नसतं. मागावरचे, यंत्राचे मोबाईल फोटो वर्डमध्ये टाकून कोपरा धरून लहान केलेले असतात, आणि आत प्रत्येक फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचाच बसलेला असतो. कुठल्याही फोटोवर क्लिक करा, वर पिक्चर फॉरमॅटमध्ये 'कॉम्प्रेस पिक्चर्स' घ्या. फक्त याच चित्राला लागू, ही खूण काढा. कापलेला भाग काढून टाका, ही खूण ठेवा, कारण वर्डमध्ये क्रॉप केलेला भाग नुसता झाकलेला असतो, फाईलमध्ये तसाच राहतो. १५० पीपीआय (इंचामागे पिक्सेल) निवडा. बऱ्याच रिपोर्टचं वजन एवढ्यानेच उतरतं.

तरी जड असेल तर डीओसीएक्स फाईलची कॉपी करून नावाच्या शेवटी झिप लिहा आणि उघडा. ती खरोखर झिपच असते. आत 'वर्ड' फोल्डरमध्ये 'मीडिया' फोल्डर दिसेल, साईजने लावून बघा, दोषी चित्र पहिलंच सापडेल. बहुतेकदा ते पीएनजी या चित्राच्या दुसऱ्या प्रकारात टाकलेलं छायाचित्र असतं. पीएनजी आलेख, आकृत्या, स्क्रीनशॉट यांना चांगलं, फोटोला जेपीजी. सेव्हच्या पर्यायांत फॉन्ट फाईलमध्ये घालायची खूण असेल तर तीही पाहा, मराठीचे दोन-तीन फॉन्ट पूर्ण घातले की फाईल फुगते. पीडीएफ करताना वापरलेलीच अक्षरं आत जातात, म्हणून शेवटी वर्डमधूनच पीडीएफ एक्स्पोर्ट करा, 'मिनिमम साईज' निवडून.

ईमेलने पाठवायचं असेल तर जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पण फाईल पाठवताना दर तीन बाइटचे चार होतात. त्यामुळे १८ एमबीच्या पुढची फाईल पाठवायला गेलात तर अडकू शकते. मार्गदर्शक शिक्षकांना ड्राइव्हची लिंक द्या आणि ती त्यांना उघडते का ते दुसऱ्याच्या मोबाईलवरून तपासा.

चढवण्याआधी

फाईलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता ठेवा. काही फॉर्म देवनागरी नाव किंवा मोकळी जागा असलेली फाईल घेत नाहीत, आणि चूक पुन्हा साईजचीच वाटते.

मग लहान केलेली फाईल पूर्ण आकारात उघडा आणि पानावरचं सगळ्यात बारीक अक्षर शोधा. मार्कलिस्टवर तो बैठक क्रमांक असतो, पासबुकावर आयएफएससी कोड, सातबाऱ्यावर गट नंबर. मी स्क्रीन गिऱ्हाइकाकडे फिरवते, कारण मला तो नंबर माहीत असला की माझा डोळा पुसट आकडाही बरोबरच वाचतो. बिडी कार्ड असेल तर कार्ड मावशींच्या हातात देते आणि म्हणते, "मावशी, कार्डाकडं बघू नका, हितला नंबर वाचा." त्यांनी अडखळत का होईना, आकडे बरोबर वाचले की मगच अपलोडवर क्लिक करते.